सोफ्याच्या वाटेने

“हात लावायचा नाही,” असं बाई म्हणत होत्या, आणि तोवर चौघांनी त्यांना चाकाच्या खुर्चीसकट उचललंही होतं.

नाट्यगृहाच्या पुढच्या बाजूला अकरा पायऱ्या आहेत. सहाव्या पायरीवर एकाचा बूट घसरला. खुर्ची कलंडली, बाई खाली आपटल्या, साडी गुडघ्याच्या वर गेली. लघवीची पिशवी फुटली. रविवारचा प्रयोग होता, लोक गजरे माळून, अत्तर लावून आले होते. सगळ्यांनी एकदम दुसरीकडे पाहिलं. मी फडकं टाकून धावले आणि त्यांच्यापुढे पदर धरून उभी राहिले.

“मावशी, आधी खुर्ची सरळ करा,” बाई म्हणाल्या. “मग मला.”

मॅनेजर आले. “आजी, तरी मी सांगत होतो, कुणाला तरी सोबत आणत जा.”

“चौघे होते की सोबत. त्यांनीच पाडलं.”

मनगट सुजून वांग्यासारखं झालं होतं. रिक्षा बोलावतो म्हणाले, तर बाई नको म्हणाल्या. तिकीट काढलंय, नाटक संपेपर्यंत मी इथेच. तशाच ओल्या साडीत त्या पायऱ्यांच्या तळाशी अडीच तास बसल्या. आतून हसण्याचा आवाज येत होता. मध्यंतरात लोक हातात बटाटेवडा घेऊन त्यांना वळसा घालून जात होते. चुकचुकले पुष्कळ. जवळ जाऊन कुणी बसलं नाही. मीही नाही. मला काम होतं.

मी त्या नाट्यगृहात एकोणीस वर्षं बायकांचे संडास धुतले. शाळा चौथीपर्यंत. नाटक एकही पुरतं पाहिलं नाही, भिंतीपलीकडून ऐकली मात्र सगळी. त्यामुळे सांगते ते दारातून दिसलं तेवढंच. तुम्हीही कधी दारात ताटकळत उभे राहिला असाल, तर तिथून माणूस किती कळतो ते तुम्हाला ठाऊक असेल.

बाई नारायण पेठेत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केलेली. नवऱ्याबरोबर दर महिन्याला एक नाटक, असा नेम होता. स्कूटरच्या अपघातात नवरा गेला आणि यांचं कमरेखालचं अंग गेलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. मग काही वर्षांनी त्यांनी नेम पुन्हा सुरू केला. ओळखीचा रिक्षावाला सोडायचा, खुर्ची उघडून द्यायचा. पुढे पायऱ्या. दर वेळी चार माणसं धावायची, दर वेळी बाई म्हणायच्या हात लावायचा नाही, आणि दर वेळी लोकांना वाटायचं, म्हातारी लाजतेय.

त्या लाजत नव्हत्या. त्यांना आपल्या चाकांवर आत जायचं होतं, एवढंच.

स्वभावाने गोड म्हणावं अशा त्या नव्हत्या. कुणी “काय हो तुमची जिद्द” म्हटलं की विचारायच्या, “तुम्ही पण नाटकालाच आलात ना? मग तुमची जिद्द कुठे ठेवलीत?” माणूस पुन्हा त्यांच्या वाटेला जायचा नाही.

प्लास्टर निघालं त्या महिन्यात त्या परत आल्या. साडेपाचचा प्रयोग आणि या तीनलाच हजर. पुढे न थांबता खुर्ची ढकलत मागच्या अंगणात आल्या. तिथे नाटकाच्या सेटचा ट्रक उतरत होता. मी बादली पालथी घालून बसले होते.

“मावशी, तो सोफा आत कसा गेला?”

“त्या उतारावरून. सगळं सामान तिथूनच जातं.”

“सोफ्याने तिकीट काढलंय?”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. कपाट वर गेलं, तुळशीवृंदावन वर गेलं, आणि त्यांच्या मागून बाई निघाल्या. दार आपोआप मिटणारं होतं. “धरा,” त्या मला म्हणाल्या. सफाईच्या ठेकेदाराला कळलं तर माझी नोकरी जाईल हे मला दिसत होतं. तरी धरलं. का ते विचारू नका. ओल्या साडीतली ती बाई मला नको तेव्हा आठवायची.

उतार चढून त्या थेट रंगमंचावर पोचल्या आणि विंगेतल्या अंधारात गप्प बसल्या. सेट लावणाऱ्यांना वाटलं, कुणा नटाची आई असेल. प्रेक्षक बसले, दुसरी घंटा झाली, तेव्हा पडदा बाजूला सारून बाई पुढे आल्या. समोर भरलेलं सभागृह. मी बाजूच्या दारातून पाहत होते.

पुढे रंगमंच संपला होता. खाली जायला पाच पायऱ्या.

मॅनेजर धावत आले. “अहो बाई, हे काय? तिसरी घंटा द्यायचीय.”

“द्या ना. मी बसलेलीच आहे.” त्यांनी तिकीट वर धरलं. “पहिली रांग, कडेची खुर्ची. ती बघा, दिसतेय इथून. मला तिथे पोचवा. उचलून नाही.”

“आता ऐन वेळी मी काय करू?”

“वर्षभर ऐन वेळ नव्हती. तेव्हा काय केलंत?”

मागून कुणीतरी ओरडलं, “बाई, आमचा रविवार कशाला घालवताय?”

“तुमचा एक जातोय,” बाई म्हणाल्या. “माझे मोजायला बसू का?”

एक बाई उठून म्हणाली की आम्ही थांबतो, काय करायचं ते करा. दोघेतिघे पाय आपटत बाहेर गेले. ते मध्यंतरात वडा खाताना मला दिसले, म्हणजे घरी गेले नव्हते.

मार्ग काढला तो नाटकाच्या सुताराने. हडपसरकडचा माणूस, तोंडात तंबाखू. “साहेब, पंधरा मिनटं द्या. प्लाय हाय, ठोकळं हायती. राजवाड्याचा जिना उभा करतो मी रोज, ह्यो उतार काय.” त्याने बाजूच्या पायऱ्यांवर लांब फळ्या टाकल्या, खाली ठोकळे लावले, खिळे मारले. स्वतः वर उड्या मारून पाहिलं. बाई चाकं हातात धरून हळूहळू खाली आल्या. तो मागून फक्त खुर्चीला हात देत होता, त्यांना नाही. त्याला ते सांगावं लागलं नव्हतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई कपाळाला आठी घालून वळल्या. “नाटक चांगलं झालं तर वाजवा.”

तिसरी घंटा पाऊण तास उशिरा झाली. तिकिटाच्या खुर्चीवर त्यांनी पर्स ठेवली आणि शेजारी आपल्या खुर्चीत बसून नाटक पाहिलं. नाटक आवडलं का, म्हणून मी नंतर विचारलं. “दुसरा अंक ओढलाय,” म्हणाल्या.

मध्यंतरात पिशवी रिकामी करायला त्या माझ्याकडे आल्या आणि संडासाच्या दारात अडकल्या. खुर्ची दारापेक्षा चार बोटं रुंद. मी दार किती वर्षं पुसत होते, पण त्याची रुंदी माझ्या कधी मनात आली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी कडेच्या संडासाचं दार काढवलं आणि जुना पडदा टांगला. मॅनेजर म्हणाले, “हे कुणाला विचारून केलं?”

“कुणालाच नाही. पुन्हा बसवायचं असेल तर त्या बाईंना तुम्ही आत घेऊन जा.”

पडदा राहिला.

मग बाईंनी अर्ज लिहायला सुरुवात केली. किती लिहिले ते मला माहीत नाही. दोन वर्षांनी पुढच्या बाजूला रॅम्प झाला. गुळगुळीत फरशीचा, घसरगुंडीसारखा उभा. फीत बांधली, कुंड्या मांडल्या, बाईंना बोलावलं. बाई म्हणाल्या, “कापण्याआधी मी चढून बघते.” अर्ध्यावर चाकं मागे सरकायला लागली. त्यांनी करकचून धरली, सगळ्या पाहुण्यांसमोर खाली आल्या आणि म्हणाल्या, “पाडा हा.”

पाहुण्यांनी फीत कापलीच. फोटोही काढले. पण पुढल्या पावसाळ्यात त्यावरून एक पाहुणेच घसरले, तेव्हा तो पाडला आणि लांब, खडबडीत, कठडा असलेला नवा बांधला. बाई त्यावरून चार वर्षं नाटकाला आल्या. कुणी हात द्यायला पुढे झालं की नुसतं बघायच्या. तेवढं पुरायचं.

गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. झोपेत वगैरे नाही, न्यूमोनियाने, दहा दिवस हाल काढून. मी तोवर काम सोडलं होतं. परवा गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जाताना नाट्यगृहावरून गेले. रॅम्पवरून एक माणूस आपल्या व्हीलचेअरने वर चालला होता, मोबाइलवर बोलत. त्याचं लक्षही नव्हतं आपण काय चढतोय याकडे.

भिंतीवर पाटी आहे. तिच्यावर सात नावं आहेत, सगळी फीत कापायला आलेल्यांची. त्या पायऱ्या सोसल्या त्या मात्र एका बाईंनी. त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि नाटकाला एकट्या यायच्या.