झोपलेल्या जंतूंच्या गोळ्या

आमच्या आबाइआंग बेटावर निरा काढायला माडावर चढलेला माणूस गातो. बारानिको काका तर असे गायचे की खाली चुलीशी बसलेल्या बायका हातातलं काम थांबवायच्या.

रोतिया ही गावच्या दवाखान्यातली मदतनीस. शिक्षण बेताचं, जीभ तिखट, पण कान मोठा तयार. काकांच्या गाण्यातली लांब ओळ, जी ते एका दमात न्यायचे, ती तीन तुकड्यांत येतेय आणि दर तुकड्यामागे खोकला आहे, हे तिनेच आधी हेरलं. मागे लागून तिने त्यांचा बेडका तपासायला पाठवला. क्षय निघाला.

म्हाताऱ्याला रोगापेक्षा लाज मोठी. लोक वाळीत टाकतील या धास्तीने त्यांनी अट घातली की रोतियाने निरा न्यायला आल्याचं सोंग करायचं. ती रोज सकाळी रिकामी बाटली घेऊन माडाखाली उभी राहायची. काका उतरले की आडोशाला नेऊन गोळ्या द्यायची, आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायची. रोतियाला निरेचं वेड लागलंय, अशी गावभर चर्चा झाली. तीही तिने हसून सोसली.

दोन महिन्यांत काकांचं अंग भरलं, खोकला पळाला आणि डोक्यात वारं शिरलं. एके सकाळी ते उतरलेच नाहीत.

"मी ठणठणीत आहे," ते वरूनच म्हणाले. "तुझ्या गोळ्या कोंबड्यांना घाल."

"कोंबड्या खोकत नव्हत्या, तुम्ही खोकत होता."

मग ती बुंध्याशी फतकल मारून बसली. शेजारच्या तारावा बेटावर दिलेली त्यांची लेक तेकारारा पुढच्या महिन्यात बाळाला घेऊन यायची होती. काकांचं पहिलंच नातवंड.

"काका, श्वासातून गेलेले हे जंतू फुप्फुसात वर्षानुवर्षं दबून बसतात," रोतिया म्हणाली. "शरीर त्यांना कुंपण घालतं. अंगातला जोर ओसरला, कुंपण मोडलं, की ते आतून पोखरायला लागतात. तुमचे जागे होते ते बहुतेक मेले. झोपलेले अजून आत आहेत. आज गोळ्या सोडल्यात तर ते निर्ढावून उठतील, मग या गोळ्यांना भीक घालणार नाहीत. नातीच्या तोंडावर खोकायचंय का?"

मग काका उतरले आणि मुकाट्याने गोळ्या घेतल्या. पुढे एक दिवसही चुकवला नाही.

नाव आली तेव्हा निम्मं गाव किनाऱ्यावर होतं. तेकाराराने हसत बाळ पुढे केलं, आणि काकांनी हात पाठीमागे नेले. आता तुमच्यापासून कुणाला लागण होत नाही, हे रोतियाने त्यांना तीनदा सांगितलं होतं. पण भीती अशी ऐकत नाही. लेकीचा चेहरा उतरला. रोतियाचा जीव तुटत होता, पण दिलेला शब्द मोडून ती बोलणार कशी?

काकांनीच तिला गर्दीतून हाक मारली.

"रोतिया, मला क्षय आहे. तीन महिने गोळ्या झाल्या, तीन राहिल्यात. या पोरीला मी घेतलं तर चालेल का? सगळ्यांसमोर सांग."

रोतियाचे डोळे भरून आले, तरी तिने आवाज रोजचाच ठेवला.

"चालेल, काका. घ्या."

काकांनी हात पुढे केले. तेकाराराने एकदा रोतियाकडे पाहिलं, आणि बाळ बापाच्या हातात दिलं.