विंगेत राहिलेला शब्द

माझ्या कपाटात एका जुन्या शोकांतिकेची प्रत आहे. तिचं कव्हर आणि पहिली चार पानं कधीच गळून गेली, त्यामुळे नाटककार कोण हे मला आजही ठाऊक नाही. गोष्ट साधी आहे. एक सेनापती, धन्याचा अगदी उजवा हात, गादीच्या मोहाने धन्यालाच मारतो आणि मग उरलेलं नाटकभर स्वतःला पोखरत बसतो. डहाणू रोडच्या एका शाळेत मराठी शिकवत असताना मी हे नाटक इतक्यांदा वाचलं, की कुठूनही सुरू करा, मी पुढे म्हणून दाखवीन. सेनापतीचं काम आपल्याशिवाय कोणी करूच शकत नाही, असं माझं मत होतं. उच्चार माझे स्वच्छ. अजूनही आहेत. पण हल्ली मी बोलतो कोणाशी? दोन खोल्या, एक रेडिओ आणि मी. लग्न केलं नाही. खरं म्हणजे झालं नाही. आई होती तोवर घरात दोन कप चहा व्हायचा.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या हौशी मंडळाने हे नाटक स्पर्धेसाठी घेतलं. दिग्दर्शन बाईंचं. बाई म्हणजे आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यापुढे अजूनही सगळे उभे राहायचे. मी मनात सेनापतीचा अंगरखा शिवून तयार ठेवला होता. आणि वाचनाच्याच दिवशी शाळेच्या हॉलमधले दिवे गेले.

वायरमन आला. गंजाडचा माणूस, माझ्याच वयाचा, चौथीपर्यंत शिकलेला. शिडीवर चढून त्याने बाहेरच्या जोडीदाराला हाक मारली, "मेन बंद कर रे!" एवढंच. पण तो आवाज हॉलच्या मागच्या भिंतीला जाऊन टेकला आणि तिथेच थांबला. बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. सेनापती हाच, हे त्यांनी तिथेच ठरवलं.

त्याला वाचता येत नव्हतं असं नाही. बोट ठेवून, अडखळत यायचं. बाई म्हणाल्या, "त्याचा अभिनय मी बघते. सर, तुम्ही त्याला वाचून दाखवा. प्रॉम्प्टिंगही तुम्हीच करा, तुम्हाला सगळं पाठ आहे." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "आणि प्रयोगात हा कुठे अडकला, तर स्पर्धेत सेनापती तुम्हीच. तेवढी तयारी ठेवा." बाई सहज बोलून गेल्या. मी मात्र ते वाक्य घरी नेलं.

चार महिने दर रविवारी दुपारी तो गंजाडहून मोटरसायकलवर यायचा. येताना पिशवीत घरचे चिकू, कधी वालाच्या शेंगा. खिडकीखाली फरशीवर मांडी घालायचा, डोळे मिटायचा, आणि मी वाचायचो. पाठांतराची त्याची रीत मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. गंजाड ते डहाणू रस्त्यावरचे विजेचे खांब त्याच्या हातचे होते, एकूणएक. तो एकेक वाक्य एकेका खांबावर टांगून ठेवायचा. "हे वडाजवळच्या खांबावर, सर. हे पुलाजवळच्या वाकड्यावर." आणि घरी जाताना एकेका खांबाजवळ ते म्हणत जायचा. पुढच्या रविवारी अक्षर न् अक्षर बरोबर. मी उलटंसुलटं विचारून पाहिलं. एकदाही चुकला नाही. मला राग यायचा. वीसेक वर्षं मुलांच्या डोक्यात कविता कोंबून दमलेला मास्तर मी, आणि हा पठ्ठ्या खांब मोजत शोकांतिका पाठ करतो!

पण खरं सांगायचं तर त्या रविवारांची मी वाट पाहायचो. आई जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. माझा आवाज इतक्या मन लावून कोणी ऐकला नव्हता, वर्गात तर कधीच नाही. एकदा त्याने विचारलं, "सर, स्टेजवर एखादा खांबच नाय दिसला तर?" मी म्हटलं, "मी आहे ना विंगेत." तो हसला. "मग झालं. तुमी फक्त पयला शब्द टाका. पुढची लाइन मी ओढतो."

स्पर्धेआधी गावासाठी एक प्रयोग ठेवला होता, शाळेच्याच हॉलमध्ये, संध्याकाळी. त्याची बायको, भाऊ, पाड्यावरची दहाबारा माणसं जीप करून आली होती. पहिले दोन अंक त्याने असे केले, की मी प्रत हातात धरून नुसता ऐकत राहिलो. आणि ऐकताऐकता मला कळून चुकलं, की मी हे असं कधीच करू शकणार नाही. माणसाने हे मान्य करावं आणि सुखी व्हावं. मला ते जमलं नाही.

तिसऱ्या अंकात खून करून सेनापती एकटा बाहेर येतो. लांब स्वगत आहे. अर्ध्यावर तो थांबला. आधी वाटलं, मुद्दाम थांबलाय. मग त्याने मान वळवून विंगेकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे. दोघांत सातआठ हातांचं अंतर असेल. माझं बोट त्याच शब्दावर होतं. "मागे." पुढचं वाक्य होतं, 'मागे वळून पाहिलं, तर दार होतं तिथे भिंत उभी होती.' मला नुसतं "मागे" म्हणायचं होतं.

मी म्हटलं नाही.

आधी ठरवलेलं काही नव्हतं, हे अगदी खरं. पण त्याने काय फरक पडतो? तोंड उघडायचं आणि शब्द टाकायचा, एवढं काम होतं, आणि मी ते केलं नाही. नाटकातल्या सेनापतीने निदान तलवार तरी उचलली होती. मी नुसता गप्प बसलो. प्रेक्षकांत कोणीतरी खोकलं, मागून कोणी हसलं, आणि बाईंनी पडदा टाकायला सांगितलं.

तो विंगेत आला. चेहऱ्यावरचा रंग घामाने ओघळला होता. म्हणाला, "सर, तुमी टाकला असंल. मला ऐकू नाय आला."

इथेही मला संधी होती. बाई समोर उभ्या होत्या. मी म्हटलं, "टाकला ना. दोनदा टाकला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बाईंना म्हणाला, "बाई, कान गेले माझे. दुसरा मानूस बघा." अंगरखा काढून त्याने नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला. पुढच्या आठवड्यात त्याच्या जोडीदाराकडून कळलं, की तो कासाला दवाखान्यात कान दाखवून आला. काय निघालं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

स्पर्धेत सेनापती मी केला. एक शब्द चुकलो नाही. त्या जागेवर आलो, "मागे वळून पाहिलं" म्हटलं, आणि नजर आपोआप विंगेकडे गेली. तिथे आमच्यातला पोस्टातला कारकून प्रत घेऊन माझ्याकडे अतिशय काळजीने बघत उभा होता. त्यानंतरचं काम मी कसं केलं ते मला आठवत नाही. परीक्षकांनी लिहिलं, 'उच्चार स्वच्छ.' बास, तेवढंच. नंबर आला नाही. बाई लेकीकडे वापीला राहायला गेल्या, मंडळ आपोआप मोडलं. ना घर का ना घाट का, अशी माझी गत झाली. खेळ गेला आणि रविवारही गेले.

पुढची वर्षं मी त्याला चुकवत राहिलो. घरातले दिवे गेले तरी तक्रार करायचो नाही. तोच आला तर? शेजारी म्हणायचे, सर मोठे सहनशील. मी अंधारात बसून त्यांचं ऐकायचो. आपण किती एकटे आहोत हे अशा वेळी फार कळतं, कारण खरं सांगावं असं आपल्याजवळ एक माणूस नसतं.

गेल्या थंडीत बाजारात त्याचा तोच जोडीदार भेटला. म्हणाला, तो रिटायर झाला. आधी लग्नाकार्यात गोष्टी सांगायचा, लोक जेवण विसरून ऐकायचे. आता कोणी आग्रह केला की 'कान गेले' म्हणतो आणि उठून जातो. ते ऐकून मला घरी बसवेना. निदान कान तरी त्याचे त्याला परत द्यावेत, असं ठरवून एका सकाळी मी गंजाडच्या रिक्षात बसलो. वडाजवळचा खांब आला, पुलाजवळचा वाकडा आला. प्रत्येक खांबाजवळ मला त्याचं त्याचं वाक्य आठवत होतं. एकही विसरलो नव्हतो.

तो अंगणात बांबूच्या पट्ट्या सोलत बसला होता. केस पांढरे झालेले. उठून त्याने मला खाट दिली, बायकोने कोरा चहा आणला. चहा संपेपर्यंत यंदाच्या भातपिकावर बोललो. मग मी म्हटलं. घरी घोकून गेलो होतो, तरी तोंडून तुकडे तुकडेच आले. "त्या दिवशी मी शब्द टाकला नव्हता. कान तुमचे चांगले होते. मला काम हवं होतं." आजवर त्याला 'तू' म्हणणारा मी, त्या दिवशी 'तुम्ही' म्हणालो.

त्याच्या हातातला कोयता थांबला. पण चेहऱ्यावर काही हललं नाही.

"मी तुमच्याकडंच बघत होतो, सर," तो म्हणाला. "ओठ हलला नव्हता तुमचा."

 मग कासाला कशाला गेला, एवढंच कसंबसं विचारलं.

"वाटलं, देव करो आन् कानच खराब निघो. डॉक्टर बोलला, एकदम चांगले हायेत. बाहेर येऊन बाकावर बसलो आन् रडलो." मग म्हणाला, "लोकांना काय सांगनार? सर खोटं बोलले सांगू? त्यापेक्षा कान गेले, बरं."

म्हणजे अकरा वर्षं मी जे लपवत होतो, ते तोच झाकून बसला होता. आत चुलीवर काहीतरी उतू गेलं, त्याची बायको धावली. त्याने पट्टी पुन्हा हातात घेतली, पण सोलली नाही.

"काय होता तो शब्द?" त्याने विचारलं. "खूप आठवून बघितला. तो खांबच सापडत नाय."

"मागे," मी म्हटलं.

त्याने हातातली पट्टी खाली ठेवली.

"एवढाच?"

"हो," मी म्हणालो. "एवढाच."