अंगठ्यावरची गोगलगाय

नारळी पौर्णिमेला नारळ खवताना आईचा उजवा अंगठा खवणीवर कापला. डॉक्टरांनी टाके घातले, काढले आणि "आता काळजी नाही" म्हणाले. म्हणायला त्यांचं काय जातं? त्यांना मोदक थोडेच वळायचे होते! कातडी ताठ झाली होती, अंगठा वाकत नव्हता आणि गणपती आठवड्यावर आले होते.

आमच्या नायगावच्या घरी नैवेद्याचे उकडीचे मोदक आईच करते. आता ते काकूकडे जाणार हे उघड होतं. काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. राहते दादरला, येते आरती संपायच्या बेताला, नटूनथटून, आणि मग प्रसाद वाटत फिरते.

"एक वर्ष तिने केले तर काय बिघडलं?" मी म्हटलं.

"तुझ्या आजीचा हात थरथरायला लागला तेव्हा मीही एकच वर्षासाठी केले होते," आई म्हणाली. "हातातून गेले की परत येत नाहीत."

मी माझं चेहऱ्याचं कोरियन क्रीम काढलं. भरत आलेल्या जखमेची कातडी त्याने मऊ होते, म्हणे. आईने ते बोटांत धरून ताणलं, तर तार निघाली. हादरली की ती मालवणीवर येते.

"ह्या काय गो, शेंबूड?"

"औषध आहे. लाव."

तिने लावलं, सकाळ-संध्याकाळ आणि मधेमधेसुद्धा. माझ्या महागड्या क्रीमचा फडशा पडला. गुण क्रीमचा की डॉक्टरांचा, देव जाणे, पण चतुर्थीच्या आदल्या दिवशी अंगठा वाकला! आईने कणकेच्या गोळ्याला पाकळ्या काढून पाहिल्या. एकसारख्या आल्या. तेवढ्यात तिची नजर क्रीमच्या खोक्यावर गेली.

"ही गोगलगाय कशाला काढलीय?"

गोगलगाय चालताना जो चिकट द्रव सोडते तोच यात असतो, हे मी सांगितलं. आई मटकन खाली बसली. एरवी तिसऱ्यांचं कालवण शिंपल्यांसकट चोखणारी बाई! पण श्रावण लागल्यापासून घरात अंडंही आलं नव्हतं. गौरीला आमच्याकडे मासे-मटणाचा, तिखटाचा नैवेद्य असतो, तिला चाललं असतं. "पण गणपतीक ह्या कसा चालतला?" तिने अंगठा साबणाने धुतला, चिंचेने धुतला, गोमूत्राने धुतला. समाधान होईना. शेवटी रडत काकूला फोन केला, "उद्या लवकर ये. मोदक तुलाच करायचेत."

काकू उजाडताच हजर झाली. कारण ऐकून तिने खोका हातात घेतला.

"अगोबाई, हे तर मी रोज तोंडाला लावते!" म्हणाली आणि तिने जीभ चावली.

आईने तिच्या चमकत्या गालांकडे पाहिलं, मग बोटांकडे. "कधीपासून?"

"झाली असतील दोन वर्षं."

"म्हणजे दोन वर्षं याच हातांनी प्रसाद वाटतेस?"

"हो ना, वहिनी."

"देवाने काही म्हटलं?"

"नाही."

"मग सरक." आईने उकडीची परात पुढे ओढली.

काकू भिंतीला टेकून बसली. "सुटले बाई! रात्रभर डोळा लागला नाही. मला मोदक येतात कुठे?"

आईचा हात थांबला. "मग हो कशाला म्हणालीस?"

"तुम्ही फोनवर रडत होता."

आईने उकडीचा एक गोळा काकूपुढे ठेवला.

"ये इकडे. शिकवते. पण नैवेद्याचे माझेच."