बिजनेस क्लासवर टाकलेला रुमाल

सकाळी सातच्या यवतमाळ गाडीत मी अन् मोठेबाबा (बाबांचे मोठे भाऊ) उमरखेडहून चढलो, तवाच मले धडकी भरलती. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं हाये अन् डॉक्टरनं बजावलं, तासाच्या वर सरळ बसायचं नाई, पाय कायमचा जाईन. अन् त्यांच्या पोरीचं, ताईचं, लग्न पुढच्या महिन्यात लंडनले! मुंबईहून इमानात (विमानात) दहा तास! मोठ्या कंपन्यांचं बिजनेस क्लास आपल्या आवाक्यात नाई, पण एका लहान कंपनीची सीट पलंगावानी आडवी होते अन् ताईले परवडते. यवतमाळच्या ट्रॅव्हल्सवाल्या तुषारभाऊनं आठ दिवसांआधी फोनवर सांगतलतं, सीट हाये. तेच तिकीट काढाले निघालतो.

मोठेबाबा एसटीच्या मागच्या लंब्या सीटवर आडवे झाले. कारमंदी तेवढे पाय लांब होत नाई ना! महागाव गेलं, दोन्हीकून पऱ्हाटीचे (कपाशीचे) वावरं, गार वारा, मजा वाटून राह्यलती. आर्णीले भजे घेतले, अन् मी सहज इचारलं, तुषारभाऊले नाव, पासपोर्ट सारं देल्लं ना?

"कायले? रुमाल टाकून ठेव म्हणलं त्याले."

मी गारच पडलो. खिडकीतून रुमाल टाकला का सीट आपली, मंग कोणी हात लावत नाई, हे एसटीत ठीक हाये. त्याच्याच भरवशावर आठ दिवस निवांत होते हे! यवतमाळ येईलोक मी फोन लावून राह्यलतो अन् तुषारभाऊ उचलून नाई राह्यलता.

दुकानात त्यानं कॉम्प्युटर आमच्याकडं फिरवला. "काका, इमानात अशा बाराच सीटा. ज्याचे मायबाप दुखणेकरी, ते सारे याच कंपनीवर तुटून पडले. तुमी नावच नाई देल्लं." लग्नाच्या आधीच्या साऱ्या तारखा भरल्या होत्या. साधी सीट होती. मोठेबाबा म्हणे, घरी जाऊन सांगतो.

परतीच्या गाडीत ते समोरच्या सीटवर ताठ बसले. मले आधी समजलंच नाई. आर्णी गेल्यावर त्यांची दांडीवरची बोटं पांढरी दिसली, कपाळावर घाम.

"मोठेबाबा, निजा ना. मागची सीट खालीच हाये."

"इमानात राहीन काय खाली? बसू दे मले."

मंग मी बाहेर पाह्यलंच नाई. महागाव कवा गेलं, ठाऊक नाई. मी फक्त त्यांचा डावा पाय पाहून राह्यलतो. तो हालतच नव्हता.

उमरखेड आलं, सारे उतरले. ते बसूनच. हळूच म्हणे, "बाबू, माह्या पायात चप्पल हाये काय रे?"

चप्पल होती. मी हो म्हणलं. तेथूनच ताईले फोन लावला, सीट नाई भेटली म्हणलं, लग्न पुढं ढकलता येते का इचारलं. मले वाटलं, मोठेबाबा फोन हिसकतीन.

ते खिडकीबाहेर पाहत राह्यले.