दिराचा शर्ट

इस्त्रीवाल्या मावशी कपड्यावर इस्त्री फिरवताना तो घालणाऱ्यासाठी येशूकडे प्रार्थना करायच्या. चर्चमध्ये त्यांना धड बसवत नसे. इथे मात्र शब्द आपसूक यायचे.

आज धाकट्या दिराचा शर्ट आला. चारचौघांत त्यांना चोर म्हणणारा हाच तो! मावशींनी दातओठ खात, चकार शब्द न काढता इस्त्री उरकली. घडी झकास बसली, पण जीव काही थाऱ्यावर येईना. दारापर्यंत गेल्या, परत आल्या. शेवटी घडी मोडून त्यांनी शर्टावर पाणी शिंपडलं आणि तो चांगला चुरगळला.

"अगं, झाली होती ना इस्त्री?" नवरा ओरडला.

"झाली होती. पण प्रभूपुढे त्याचं नाव घ्यायचं राहिलं. आता मध्ये बोलू नका, आधीच ते जिभेवर येत नाहीये!"