आई खाटेवर होती तेव्हा

नव्वदच्या दशकात मी मुंबईत एका प्रयोगशाळेत सहायक होते. अंतराळात वजन जाणवेनासं झालं की पेशींचं काय होतं, ते आम्ही जमिनीवरच तपासायचो. उंदराच्या हाडांतल्या पेशी सावकाश फिरत राहणाऱ्या भांड्यात ठेवायच्या. वर कुठे, खाली कुठे, त्यांना कळेनासंच व्हायचं. जनुकं तीच राहायची, पण हाड बांधायला लावणारी काही थंडावायची.

त्याच सुमारास गावी, पेणजवळच्या कासूला, आमची आई शेताच्या बांधावरून पडली. मांडीचं हाड मोडलं. पेणला ऑपरेशन झालं. दीड महिन्याने एक्स-रे काढला, तर हाड छान जुळलेलं. तरी डॉक्टर म्हणाले, "वय झालंय. अजून दोन महिने पडून राहू दे."

मी म्हटलं, "आधार देऊन उभं तरी करू या ना? भार पडला नाही तर बाकीची हाडंही झिजतात. आमच्या पेशींत आम्ही..."

"मॅडम, तुमचे उंदीर मुंबईत. ही माणसं आहेत."

दादा, माझा मोठा भाऊ, खो खो हसला. आणि मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग मला अजून येतो.

दोन महिन्यांनी आई उठली. तोल गेला म्हणून तिने खाटेच्या कडेवर नुसता हात टेकला, तर मनगट मोडलं. पुन्हा पेण. डॉक्टर एक्स-रे बघत म्हणाले, "हाडं ठिसूळच. घराण्यात असेल."

माझा ताबा सुटला. "घराण्यात काही नाही! साडेतीन महिने खाटेवर ठेवलीत तिला! जनुकं चांगलीच होती, तुम्ही त्यांना काम करू दिलं नाहीत!"

दादा माझा दंड धरून ओढायला लागला. आई माझ्याकडे बघत होती.

"तुला आधीच ठावं व्हतं?"

"व्हय."

"मंग तवाच अशी वरडली का नाय गो?"

मी तिथूनच प्रयोगशाळेत फोन लावला.

महिनाभर बिनपगारी रजा काढली. रोज दोनदा तिला उभी केली. ती शिव्या द्यायची, रडायची, मीही ओरडायचे. शेवटी काठी घेऊन ती शेजारणीच्या ओटीपर्यंत जायला लागली. भाताच्या लावणीला मात्र परत कधीच उतरली नाही.

दादा गावभर सांगत होता, आई चालायला लागली ती डॉक्टरांच्या हाताला गुण आहे म्हणून. तो सगळा पावसाळा मी त्याच्याशी बोलले नाही.