चवीच्या वहीतली माझी सही

कोणी हे वाचलेच तर माझ्या अक्षराला आणि चुकांना माफ करावे, मी चौथीच शिकले. आज तांदूळ निवडताना तसाच कोंदट वास आला आणि ती आठवली. आर्वीकडच्या एका शाळेत आम्ही दोघी मुलांची खिचडी शिजवायचो. वाढण्याआधी चाखून वहीत लिहायचा नियम होता. तिला लिहिता येत नव्हते, म्हणून हेडमास्तर सांगत तसे मी न चाखताच रोज 'चव चांगली' लिहून सही करायची. ती हसायची, "वा वं मास्तरीणबाई!" एकदा कोंदट वासाच्या तांदळात अळ्याच अळ्या निघाल्या. ती म्हणाली, "आपल्या लेकराले चारू काय आपण हे? मंग लोकाइच्या लेकराले काऊन?" मी म्हटले, "चूप राय बाई, काम जाईन." तरी ती तालुक्याला जाऊन साहेबांना सांगून आली. साहेब आले. हेडमास्तरांनी वही पुढे केली. साहेबांनी विचारले, "सही तुमचीच ना?" मी मान खाली घालून हो म्हटले. अळ्यांचे बोललेच नाही. तिला खोटी ठरवून काढले, वर तांदळाचे दोन कट्टे तिनेच चोरले म्हणून भरपाई लावली. जाताना ती म्हणाली, "तुले तं लिवता येत होतं ना, मास्तरीणबाई." मी अजून तिथेच शिजवते, आता चाखल्याशिवाय लिहीत नाही. तिने मात्र दोन हंगाम लोकांचा कापूस वेचला आणि न चोरलेल्या तांदळाचे सगळे पैसे भरून टाकले.